एदि डवडव, गुंडे दड आणि आपली धडधड

हैदराबादच्या हिमायतनगरात माझी अक्का राहते. नांदेड जिल्ह्यातलं तालुक्याचं हिमायतनगर ते वेगळं. आमच्या घरी हा खुलासा दर वेळी करावा लागतो, म्हणून इथंही आधीच करून टाकते. अक्काचं लग्न होऊन ती तिकडे गेली त्याला तीस वर्षं झाली. त्यामुळे बिदरहून बस धरायची, जहीराबाद-संगारेड्डी करत इमलीबनला उतरायचं आणि तिथून रिक्षानं हिमायतनगर गाठायचं, हा आमचा उन्हाळ्याच्या सुटीचा ठरलेला रस्ता. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात अशीच गेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी अक्काच्या स्वयंपाकघरात खाली वाकून पिठाचा डबा उचलला आणि उभी राहिले, तोच छातीत काहीतरी एकदम सुटलं. सुटलं म्हणजे पंख्याचं बटण दाबल्यावर पंखा जसा एकदम पाचावर जावा, तसं. गळ्यातल्या शिरासुद्धा उडत होत्या. पोलक्याच्या गळ्याशी कापड थरथरताना दिसत होतं, असं अक्का नंतर म्हणाली.

हे मला नवीन नव्हतं. त्याआधी तीन वर्षं अधूनमधून असं होत होतं. कधी वर्गात फळ्याकडे वळताना, कधी पेपर तपासताना. पाच-दहा मिनिटं चालायचं आणि जसं आलं तसं एका क्षणात थांबायचं. आपल्याकडच्या दोन डॉक्टरांना दाखवूनही झालं होतं. दोघांनी स्टेथास्कोप लावला, ईसीजी काढला. तो अर्थातच नॉर्मल आला, कारण तोवर सगळं शांत झालेलं असायचं. एकानं शक्तीच्या गोळ्या दिल्या, दुसऱ्यानं झोपेच्या. "मॅडम, टेन्शन घेऊ नका. या वयात बायकांना असं होतं," हे वाक्य मात्र दोघांचंही होतं. मी चाळिशी ओलांडलेली, नोकरी करणारी, घरी दहावीचा मुलगा. मलाही ते पटलं. टेन्शन कुणाला नसतं?

डॉक्टरांचा दोष किती आणि माझा किती, याचा मी नंतर बराच विचार केला. मी त्यांना नेमकं काय सांगितलं होतं? दोन्ही वेळा मी म्हटलं होतं, "जीव घाबरा होतो." आपल्या मराठीत जीव घाबरा होणं म्हणजे छाती धडधडणं, दम लागणं, मळमळणं, अस्वस्थ वाटणं आणि खरंच भीती वाटणं, यांपैकी काहीही असू शकतं. त्यातले एक डॉक्टर हिंदी-दखनी बोलणारे. त्यांच्या कानावर 'घाबरा' पडला आणि त्यांनी 'घबराहट' ऐकली. घबराहट म्हणजे मनाचा आजार, म्हणून गोळी मनाची मिळाली. भाषा शिकवून पोट भरणाऱ्या बाईनं आपलं दुखणं असं ढोबळ शब्दात सांगावं, याचं मला आज हसू येतं. तेव्हा तीन वर्षं वाया गेली होती.

आपल्या दुभाषी घरांना खरं तर या बाबतीत शब्दांची चणचण नाही. सासूबाई कन्नडमध्ये म्हणतात, "एदि डवडव अंतद." डवडव म्हटलं की ढोलाचा ठेकाच कानात येतो. मराठीत धडधड आहे, फडफड आहे, ठोका चुकणं आहे, काळीज लकलकणं आहे. हिमायतनगरात अक्काची तेलुगू शेजारीण 'गुंडे दड' म्हणते. गुंडे म्हणजे हृदय. हे सगळे शब्द डॉक्टरांना 'जीव घाबरा' पेक्षा कितीतरी जास्त माहिती देतात, कारण ते मनाविषयी नव्हे, ठोक्याविषयी बोलतात.

तर त्या सकाळी. अक्काच्या सासूबाई ऐंशीच्या पुढच्या, स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसलेल्या असतात. त्यांनी मला हाताला धरून खाली बसवलं, मनगटावर तीन बोटं ठेवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघू लागल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "सूनबाई, हिची नाडी मला मोजता येईना गं. फार पळायलीय." माझ्या तीन वर्षांच्या दुखण्यात कुणीतरी ते चालू असताना नाडीला हात लावला, तो त्या दिवशी पहिल्यांदा. मला डोळ्यांपुढे अंधारी आली तसे दाजी उठले, खाली जाऊन रिक्षा आणली आणि जवळच्या एका नर्सिंग होममध्ये आम्ही दहा मिनिटांत पोचलो. रिक्षानं गेलो याबद्दल नंतर बोलणी खाल्ली. त्याविषयी पुढे सांगते.

तिथली डॉक्टर मुलगी माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची. नर्स ईसीजीच्या तारा लावत होती तोवर तिनं दखनीत एकच गोष्ट विचारली, "अम्मा, कैसा बजता? उंगली से बजाके बताव." मी पलंगाच्या कडेवर बोट वाजवून दाखवलं. भराभरा, पण अगदी सारख्या अंतरानं. तिनं मान हलवली. कागद बाहेर आला. मिनिटाला १९० ठोके.

मग तिनं सुई नसलेली दहा मिलीची सिरिंज माझ्या हातात दिली आणि आतला दट्ट्या हलेल इतक्या जोरानं तोंडानं फुंकत राहायला सांगितलं. पंधरा सेकंद. फुंकून झाल्याबरोबर मला झटकन आडवं केलं आणि दोन्ही पाय वर धरले. मला वाटलं ही चेष्टा करते आहे. पाय वर असतानाच छातीत एक मोठा ठोका पडला, क्षणभर सगळं थांबल्यासारखं झालं आणि नाडी ऐंशीवर आली. शेजारी नर्स इंजेक्शन भरून तयार उभी होती. त्याची गरज लागली नाही. ही युक्ती घरगुती वाटली तरी तशी नाही. २०१५ साली इंग्लंडमधल्या मोठ्या अभ्यासात तिची कसोटी लागली. नुसतं कुंथून श्वास रोखण्याच्या जुन्या पद्धतीनं शंभरात सतरा जणांची धडधड थांबत होती. फुंकल्यावर लगेच आडवं करून पाय वर केले, तर त्रेचाळीस जणांची थांबली. मात्र ईसीजी बघून, दवाखान्यातच. वाचून घरी प्रयोग करू नयेत. मानेची शीर दाबण्याचा उद्योग तर कुणीच करू नये. वयस्कर माणसात त्यानं पक्षाघाताचा धोका असतो.

मला काय झालं होतं, ते तिनं कागदावर चित्र काढून समजावलं. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात एक छोटं केंद्र असतं. तिथून विजेची बारीक लहर निघते, मधल्या एका दारातून खालच्या कप्प्यांत उतरते आणि हृदय एकदा आकुंचन पावतं. विश्रांतीत हे मिनिटाला साठ ते शंभर वेळा घडतं, म्हणजे दिवसाला साधारण एक लाख वेळा. काही जणांत या मधल्या दारापाशी जन्मतःच एक जादा वाट असते. वर्षानुवर्षं ती काही त्रास देत नाही. एखाद्या दिवशी वाकताना किंवा उठताना अवेळी एक ठोका पडतो, लहर त्या जादा वाटेनं परत वर येते आणि घाण्याच्या बैलासारखी तिथल्या तिथं गोल फिरत राहते. प्रत्येक फेऱ्याला एक ठोका. याला डॉक्टर एसव्हीटी म्हणतात. एकदम सुरू होणं, एकदम थांबणं, गळ्यात उडणं आणि थांबल्यावर भरपूर लघवीला होणं, ही याची ओळख. ही चारही लक्षणं मला तीन वर्षं होती. कुणी विचारली नव्हती आणि मीही सांगितली नव्हती. लघवीचा हृदयाशी काय संबंध, असं मला वाटलं होतं.

नाडी बघण्यावरून हैदराबादचीच एक जुनी गोष्ट इथं सांगावीशी वाटते. हिमायतनगरहून फार दूर नाही, मुसी नदीच्या काठी अफझलगंजचं इस्पितळ होतं. १९०८ च्या पुरात ते गेलं, आणि पुढे त्या भागात उस्मानिया इस्पितळाची मोठी इमारत उभी राहिली. त्या जुन्या काळात एडवर्ड लॉरी नावाचे सर्जन हैदराबादला रेसिडेन्सीत होते आणि इथल्या वैद्यकीय शाळेचे प्रमुखही होते. क्लोरोफॉर्मची भूल देताना रोगी अचानक दगावत, ते श्वास थांबल्यामुळे की हृदय थांबल्यामुळे, हा त्या वेळी जगभराचा वाद होता. सहाव्या निजामानं, मीर महबूब अली खान यांनी, पैसा दिला आणि १८८८ व १८८९ मध्ये हैदराबादेत दोन आयोग बसले. दुसऱ्यासाठी लंडनहून लॉडर ब्रंटन हे नामांकित डॉक्टर आले. शेकडो कुत्र्यांवर प्रयोग झाले. आयोगाचा निष्कर्ष असा, की श्वास आधी थांबतो, म्हणून भूल देणाऱ्यानं श्वासाकडे लक्ष ठेवावं, नाडीकडे नव्हे. जगात हैदराबादचं नाव झालं. इथल्याच वैद्यकीय शाळेत शिकलेल्या आणि भूल देण्याचं काम करणाऱ्या रूपाबाई फर्दुनजी यांची गणना आज जगातल्या पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांत होते.

पण निष्कर्ष अपुरा निघाला. १९११ च्या सुमारास लंडनमध्ये गुडमन लेव्ही यांनी दाखवून दिलं, की क्लोरोफॉर्मची भूल हलकी असतानाच हृदयाचे खालचे कप्पे आकुंचन पावायचं सोडून नुसते थरथरू लागतात आणि जीव एका क्षणात जातो. श्वास तेव्हा चालूही असू शकतो. म्हणजे एवढे नामवंत डॉक्टर एका खोलीत जमूनही हृदयाची लय त्यांच्या हातून निसटली होती. हृदयाची वीज कागदावर उतरवणारं यंत्र तेव्हा यायचं होतं. ते हॉलंडच्या आइन्थोवेन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बनवलं आणि त्याबद्दल त्यांना १९२४ चं नोबेल मिळालं. आज तेच यंत्र आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात असतं. अट एकच. धडधड चालू असताना तिथं पोचायला हवं.

सगळी धडधड माझ्यासारखी नसते, हेही तितकंच खरं. बहुतेक वेळा ती निरुपद्रवी असते. सर्वांत जास्त लोक सांगतात ते 'ठोका चुकतो' हे दुखणं. खरं म्हणजे ठोका चुकत नाही, एक ठोका वेळेआधी पडतो. भजनात एखादा नवशिका टाळकरी घाईनं टाळ वाजवतो आणि मग पुढच्या मात्रेसाठी थांबून राहतो, तसं. त्या थांबण्यात हृदय जास्त भरतं आणि पुढचा ठोका छातीवर धक्का बसावा इतका जोरात लागतो. आपल्याला जाणवतो तो हा धक्का. रात्री डाव्या कुशीवर झोपल्यावर तो जास्त कळतो. हृदय एरवी निरोगी असेल आणि दुसरा त्रास नसेल, तर एकदा तपासून घेऊन सोडून द्यावं. चहा-कॉफी कमी केली की बऱ्याच जणांचा हा त्रास उतरतो. आमच्या कॉलेजात परीक्षेच्या दिवसांत मुलं त्या उत्तेजक पेयांचे डबे एकामागून एक पितात, रात्रभर जागतात आणि मग छाती धरून स्टाफरूममध्ये येतात. त्यांना मी आधी डबे किती झाले ते विचारते.

कधी कधी हृदय बिचारं निर्दोष असतं, त्याला पळवणारं दुसरंच कुणी असतं. आपल्या बायकांमध्ये पहिला संशय रक्ताच्या कमीवर घ्यावा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय आढळला. रक्त पातळ असलं की तेवढाच प्राणवायू पोचवायला हृदयाला जास्त खेपा घालाव्या लागतात. जिना चढून धाप आणि धडधड, डोळ्यांच्या पापणीचा आतला भाग पांढुरका, पाळीला अंगावरून जास्त जाणं, अशी बाई दिसली तर आधी हिमोग्लोबिन बघावं. थायरॉइड वाढलेला असेल तर धडधडीबरोबर वजन उतरतं, हात थरथरतात, उकाडा सोसवत नाही. पाळी जायच्या वयात गरम वाफा आणि धडधड जोडीनं येतात, हे आपल्याकडच्या डॉक्टरांचं म्हणणं काही खोटं नव्हतं, माझ्या बाबतीत ते लागू नव्हतं एवढंच. ताप, मे महिन्याचं ऊन आणि पाणी कमी पिणं, नवरात्राचे कडक उपास, मधुमेह्यात साखर एकदम उतरणं, दम्याचा पंप, सर्दीच्या काही गोळ्या, तंबाखू आणि गुटखा, दारू. यादी लांब आहे. मनाची भीती आणि पॅनिकचा झटकाही या यादीत आहे, आणि तो खोटा आजार नव्हे. माझी तक्रार एवढीच आहे, की त्याचं नाव सगळ्यात शेवटी घ्यावं, बाकीचं तपासून झाल्यावर. बायकांच्या वाट्याला ते सगळ्यात आधी येतं.

एक धडधड मात्र अशी आहे, की ती शांतपणे नुकसान करते. तिच्यात ना जोर असतो, ना ठेका. बोट वाजवून दाखवायला सांगितलं तर माणूस कसंही वाजवतो, दोन ठोके जवळ, एक लांब, मग तीन जवळ. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता थरथरत असतात. डॉक्टर याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साचून गुठळी धरते आणि ती मेंदूकडे गेली तर पक्षाघात होतो. असा पक्षाघात होण्याचा धोका अशा रोग्यांत साधारण पाचपट असतो. साठी उलटल्यावर हे वाढत जातं. पण आपल्या भागात तरुण बायकांतही सापडतं, कारण लहानपणी घसा येऊन झालेल्या संधिवाताच्या तापानं हृदयाची झडप आखडलेली असते आणि ती बाळंतपणाच्या वेळी उघडकीला येते. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांनी पक्षाघात बराच टाळता येतो. म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांची नाडी महिन्यातून एकदा तरी हातात घेऊन बघावी. त्याला डॉक्टर लागत नाही.

नाडी बघायची ती अंगठ्याच्या बाजूला, मनगटावर, तीन बोटांनी. आपल्या अंगठ्यानं बघू नये, त्यात स्वतःचीच नाडी लागते. सारखी चालत असेल तर अर्धं मिनिट मोजून दुप्पट करावी. अडखळत असेल तर पूर्ण मिनिट मोजावी. पाच मिनिटं शांत बसल्यावर मोजावी, जिना चढून आल्यावर नव्हे. आजकाल मुलांच्या मनगटावर ठोके मोजणारी घड्याळं आली आहेत. काही घड्याळं ईसीजीसारखी पट्टीही काढतात आणि ती डॉक्टरांना दाखवायला उपयोगी पडते. तरी घड्याळानं दर तासाला भिववायचं आणि माणसानं दर तासाला भ्यायचं, हेही मी एका सहकाऱ्याच्या बाबतीत बघितलं आहे. त्यानं शेवटी घड्याळ मुलाला देऊन टाकलं.

आता रिक्षाचं. त्या डॉक्टर मुलीनं नाडी जागेवर आल्यावर दाजींना झापलं. "इनको चक्कर आ रही थी और आप ऑटो में लाए?" रस्त्यात मी बेशुद्ध पडले असते तर दाजी काय करणार होते? १०८ ची गाडी का बोलावली नाही? दाजी वरमले. कारण १०८ ची सेवा सुरू झाली तीच मुळी हैदराबादेत, १५ ऑगस्ट २००५ ला, तेव्हाच्या एकत्र आंध्र प्रदेशात. कर्नाटकात ती २००८ मध्ये आली, महाराष्ट्रात २०१४ मध्ये. आपल्या सीमेवरच्या माणसाचे सासर, माहेर, बाजार आणि दवाखाना तीन राज्यांत विखुरलेले असतात. तिन्ही राज्यांत हा एकच आकडा चालतो, हे मुलांनाही पाठ करून ठेवावं.

तो कधी फिरवायचा? धडधडीबरोबर छातीत दुखतंय किंवा दाबल्यासारखं होतंय, दम लागतोय, दरदरून घाम सुटलाय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय किंवा माणूस बेशुद्ध पडून उठलाय, तोंड वाकडं झालंय, हात उचलत नाही किंवा बोलणं जड झालंय, तर त्याच क्षणी. सकाळ व्हायची, नवरा शेतातून यायची वाट बघू नये. बायकांना हृदयविकारात छातीत दुखेलच असं नाही. जबडा, पाठ, खांदा दुखणं, मळमळ आणि अचानक गळून जाणं एवढंच दिसू शकतं. आधीपासून हृदयाचा आजार आहे, झडप बदलली आहे किंवा बायपास झाली आहे, अशांनी साध्या धडधडीलाही हलकं घेऊ नये. शांत बसूनही नाडी १२० च्या वर आहे, ताप नाही आणि पंधरा-वीस मिनिटांत उतरत नाही, तर त्याच दिवशी, शक्यतो त्याच तासात दवाखाना गाठावा. गाडी स्वतः चालवत जाऊ नये, स्कूटर तर नाहीच. शेजारणीला लागू पडलेली गोळी घेऊ नये. धडधडीवर देतात त्यांपैकी काही गोळ्या दम्याच्या रोग्याला घातक असतात.

तातडी नसली तरी आठ दिवसांत दाखवावंच, अशी प्रकरणं वेगळी. धडधड पुन्हा पुन्हा येते, किंवा पळताना, खेळताना, ओझं उचलताना येते. व्यायामात येणारी धडधड किंवा चक्कर ही तरुण मुलांतसुद्धा गंभीर समजतात. आणि घराण्यात कुणी चाळिशीच्या आत, कारण न कळता, झोपेत किंवा खेळताना गेलं असेल, तर ते डॉक्टरांना न विचारता सांगावं. आपल्याकडे अशा मरणाला 'नजर लागली' किंवा 'आयुष्यच तेवढं' म्हणून गाडून टाकतात. त्यातली काही मरणं हृदयाच्या विजेच्या वंशपरंपरागत दोषानं आलेली असतात, आणि भावंडांचा ईसीजी काढला तर पुढचं मरण टळू शकतं. २९ ऑक्टोबर २०२१ ला पुनीत राजकुमार गेले, वय अवघं ४६. आमच्या घरी सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. त्या आठवड्यात बंगळूरच्या जयदेव हृदयरोग संस्थेपुढे तपासणीसाठी रांगा लागल्या होत्या. त्या रांगांना काही जण हसले. मला त्यात हसण्यासारखं वाटलं नाही, फक्त इतक्या जणांनी एका माणसाच्या जाण्याची वाट का बघितली, असं वाटलं.

एखादा समोर कोसळला, हाकेला ओ देत नाही आणि श्वास नीट घेत नाही, तर नाडी शोधत बसायचं नाही. एकानं १०८ लावायचा आणि दुसऱ्यानं छातीच्या मधोमध दोन्ही तळवे एकावर एक ठेवून जोरानं दाबायला लागायचं, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, गाडी येईपर्यंत. कांदा हुंगवणं, पाणी पाजणं, चप्पल नाकाशी धरणं यात जी चार मिनिटं जातात, ती परत मिळत नाहीत.

डॉक्टरांकडे जाताना काय न्यावं, हे मी चुकत शिकले. एका वहीत लिहून न्यावं: कोणत्या तारखेला, काय करताना सुरू झालं, एकदम की हळूहळू, किती वेळ, नाडी किती, थांबलं कसं, आदल्या रात्री झोप किती, कोणत्या गोळ्या चालू आहेत. आयुर्वेदिक आणि वजन कमी करायच्या गोळ्याही त्यात लिहाव्यात. धडधड रोज येत असेल तर डॉक्टर छातीला होल्टर नावाचं छोटं यंत्र बांधून चोवीस तासांची नोंद घेतात. माझ्यासारखी महिन्यातून एकदा येत असेल तर चोवीस तासांत ती पकडली जाईलच असं नाही. अशा वेळी सुरू झाल्याबरोबर जो दवाखाना जवळ असेल तिथं, सरकारी असो की खासगी, जाऊन ईसीजी काढून मागणं हाच रस्ता. आणि तो कागद जपावा. ईसीजीचा कागद उष्णतेनं उमटणारा असतो, कपाटात वर्ष-दोन वर्षांत फिका होतो. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला तर आणखी लवकर. गरम लॅमिनेशन केलं तर काळाच पडतो. त्याचा फोटो काढावा किंवा झेरॉक्स करून ठेवावी.

मला हिमायतनगरच्या त्या कागदावर पुढचे उपचार मिळाले. हृदयाच्या विजेचे वेगळे तज्ज्ञ असतात हे मला तोवर माहीत नव्हतं. त्यांनी दोन वाटा सांगितल्या. एक, रोज गोळी घ्यायची. दुसरी, मांडीच्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेऊन ती जादा वाट उष्णतेनं बंद करायची. छाती उघडावी लागत नाही, आणि माझ्या प्रकारच्या एसव्हीटीत शंभरात पंचाण्णवपेक्षा जास्त जणांचा त्रास कायमचा जातो, असं त्यांनी सांगितलं. मी वर्षभर गोळी घेतली. दोनदा पुन्हा १९० झाली, एकदा विद्यार्थ्यांसमोर. मग गेल्या दिवाळीच्या सुटीत दुसरा रस्ता धरला आणि तिसऱ्या दिवशी अक्काच्या घरी जेवायला बसले.

त्या दिवशी पान वाढायच्या आधी अक्काच्या सासूबाईंनी माझा हात ओढून घेतला आणि घड्याळाकडे बघत पूर्ण एक मिनिट मोजलं. "अठ्ठ्याहत्तर," म्हणाल्या आणि मग दाजींना हात पुढे करायला सांगितलं. दाजींची नाडी अडखळत होती. त्यांना दुसऱ्या दिवशी दाखवायला नेलं. नशिबानं साधे जादा ठोके निघाले, दिवसाला आठ कप चहा होत होता. आता दोन होतो. तिसरा ते खाली हॉटेलात पितात, असा अक्काचा संशय आहे.